काय लिंपतेस, नेदा?

हळू! नाव नका घेऊ त्यांचं — निदान घरात तरी नको. तुमचं काय, तुम्ही शहरातली पेस्ट कंट्रोलवाली माणसं, उंदीर म्हणालात आणि मोकळे झालात. आमच्याकडे नाव घेतलं की आमंत्रण धाडल्यासारखं होतं. ओंगळं म्हणायचं. ती ओंगळं. नेदा आत झोपलीय, माझी बायको, तिच्या कानावर तो शब्द पडला ना, तर ताडकन उठून बसेल — बाकी काही कळत नाही तिला, पण हे बरोब्बर कळतं. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय कुरतडलाय, ही घ्या. घोटभर राकिया घेणार? आपल्याच झाडाच्या आलुबुखारांची, माझ्या हातानं गाळलेली. गाडी चालवायचीय? बरं बरं. मग तुमच्या वाट्याची मी घेतो.

किती आहेत म्हणता? मोजत कोण बसलंय! घेवड्याचं पोतं गेलं, अक्रोड गेले, माझ्या लग्नातल्या कोटाची एक बाही गेली — एकच, डावी, उजवीला शिवली नाहीत, आता बोला. पूर्वी आळीत वीस घरं होती, तेव्हा सगळ्यांत वाटली जायची. आता धूर निघतो तो तीन घरांतून, मग जाणार कुठं ती बिचारी? बिचारी म्हणालो का मी? ते सोडा. नाही, नाही, ते विषाचे गुलाबी दाणे नकोत! पेटीत बंद असले तरी नकोत. स्नेझानं, आमच्या पोरीनं, सांगितलं नाही तुम्हाला? स्पेनहून फोन करून तुम्हाला पाठवलंन् आणि एवढं नाही सांगितलं? — पण ती तरी सांगणार कशी, मी तिला कळू दिलंय कुठं? नेदा सगळं तोंडात घालते हो. बटण, मेणबत्ती, परवा साबणाची वडी, दात उमटलेत तिच्यावर, दाखवू? आणि पेटीचं झाकण काय सांगता तिला! तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत तिनं, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, सगळा तालुका यायचा. डोकं विसरलं, हात नाही विसरले. मी सात सापळे आणले होते. सातच्या सात सोडवलेन्, स्प्रिंगा वेगळ्या, खिळे वेगळे, टेबलावर ओळीनं मांडून ठेवलेन्, आणि माझ्याकडे अशी बघतेय — जसं काही गिऱ्हाईक कधी येणार म्हणून विचारतेय. मांजर? आणलं होतं की मांजर. दिवसभर हिच्या मांडीवर, सायीसकट दूध. ते कशाला उठतंय शिकारीला? माझ्यापेक्षा सुखात होतं. मग एक दिवस गेलं निघून.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच — तुम्ही बघा, फिरा, हवं तर जरा ठोकाठोक करा, आणि कागदावर लिहा की घर साफ आहे. रविवारी स्नेझा येतेय. नाताळात आली होती तेव्हा पिठाच्या डब्यात हात घातलान् आणि लेंड्या निघाल्या, झालं, आकाशपाताळ एक केलंन्. म्हणाली, बाबा, एक तर घर साफ झाल्याचा कागद दाखवा, नाहीतर आईला मी वृद्धाश्रमात ठेवते, जिल्ह्याच्या गावी, जागा बघून ठेवलीय. वाईट नाही हो पोरगी. दर रविवारी फोन करते. मी म्हणतो, सगळं ठीक आहे. ती म्हणते, आईला द्या. मी म्हणतो, झोपलीय. काय देऊ? फोन दिला तर उघडून बसेल.

ते? ती माती आहे. हो, तीही. आणि तिथंही. बघितलंत तर तुम्ही सगळंच — म्हटलं नजरेतून सुटेल. बिळं बुजवायला नाही, बिळं बुजवायला कुणी कुलपाच्या भोकात माती घालतं का? आणि त्या बटणांच्या पाटीवर आहे ती माती नाही, लाल मिरच्यांची चटणी आहे. माती संपली होती. मीटर जळलं, आठ दिवस अंधारात काढले. हसता काय? हसा, मीही हसलो होतो.

तुमच्या आजीनं नाही कधी लिंपलं? दिमितारच्या सणाचा दुसरा दिवस, ओंगळांचा दिवस. सुई धरायची नाही, कात्रीचं पातं उघडायचं नाही, पेटारा उघडायचा नाही, आणि घरातल्या थोरल्या बाईनं चुलीमागच्या भिंतीला पाठमोरं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि हात मागं नेऊन शेणमातीनं लिंपायचं. दुसऱ्यानं विचारायचं, काय लिंपतेस? तिनं म्हणायचं, ओंगळांचे डोळे लिंपते. असं तीनदा. की वर्षभर त्यांना घर दिसत नाही. आता खरं-खोटं देव जाणे, आमच्याकडे पन्नास वर्षं नेदा लिंपायची आणि मी विचारायचो, चेष्टेनंच, तोंडात सिगारेट धरून. तर गेल्या ऑक्टोबरात सण आला. नेदाला तेव्हा माझं नाव आठवत नव्हतं. पोरीचंही नाही. चार महिने झाले होते, तोंडातून शब्द नाही — खा म्हटलं की खाते, बस म्हटलं की बसते. मी म्हटलं, चला, रीत आहे, करून टाकू. कालवली माती, दिली तिच्या हातात. आणि काय सांगू तुम्हाला — ती वळली. आपणहून. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, हात मागं. आणि थांबली. माझ्यासाठी थांबली हो. मी विचारलं, काय लिंपतेस, नेदा? तर स्वच्छ, ठणठणीत, लग्न होऊन आली तेव्हाच्या आवाजात म्हणाली — ओंगळांचे डोळे लिंपते. आणि तिसऱ्यांदा विचारलं तर वर म्हणते, ऐकू येत नाही का रे, बहिऱ्या? बहिऱ्या म्हणायचीच ती मला. मी तिथंच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

ही रीत वर्षातून एकदाच करायची असते. एकदाच. मला माहीत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा माती कालवली. ऐकायचं होतं मला. तिसऱ्या दिवशीही कालवली. आठवड्यानंतर मला कालवावी लागली नाही — तीच बागेत जाऊन ओंजळी भरून आणायला लागली, दिवसातून दहादा, वीसदा. मी विचारलं नाही तर तशीच उभी राहते, डोळे मिटून, हातातून चिखल गळतोय, तास तास. मग विचारतो. काय करणार? आणि ओंगळं बघा, तेव्हापासून दुप्पट झाली. माझ्यामुळेच झाली म्हणा, रीत मोडली मी.

धुराड्याचा नळ? त्याला काय झालंय? ते... चिमण्यांनी घरटं केलं होतं. मातीचं? हो, मातीचं, असतात तशा काही. — हे बघा, तुम्ही पेस्ट कंट्रोलवाले, भिंती बघा, नळात कशाला डोकं घालताय? बरं. बरं, आलं लक्षात, चिमण्यांची बोटं उमटत नाहीत. फेब्रुवारीत झालं ते. जेवण झालं, चूल नुकतीच पुन्हा पेटवलेली, मी इथं बाकावर आडवा झालो, डोळा लागला. तिनं तेवढ्यात, तापायच्या आत, नळ खाली काढून आतून लिंपला आणि पुन्हा जागच्या जागी बसवला, चोख, रेडिओ बसवावा तसा. मला जाग आली ती एक ओंगळ तोंडावरून पळालं म्हणून. मग दुसरं. पांघरुणावरून, उशीवरून, सगळी दाराकडे चाललेली, रांगेनं, घाई करत. खोली धुरानं भरलेली. ती चुलीपाशी खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर, मान कललेली. मी उठलो, दार उघडलं, तिला ओढत अंगणात नेली. खोकली, डोळे उघडलेन्, आकाशाकडे बघायला लागली. झालं. काही झालं नाही. हे लिहू नका.

लगेच उठलात का, म्हणजे काय? लगेचच उठलो. — असं काय बघताय? उठलोच ना? मेलो का आम्ही? थोडा वेळ पडून होतो, हो. मला सगळं कळत होतं. धूर कळत होता, नळ कळत होता, तिची कललेली मान दिसत होती. मी म्हटलं, बरं झालं. दोघांचं एकदमच. पोरीला एकाच खेपेत उरकेल. असं म्हणून मी पुन्हा डोळे मिटले, अरे बाबा. मिटले मी डोळे. किती वेळ ते मला विचारू नकोस. मग ती खोकली, झोपेतच, एवढंसं, लहान मुलासारखं, आणि मी उठलो. हे मी पाद्र्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि तुझ्यापाशी, पेट्या घेऊन आलेल्या माणसापाशी...

पेन आहे ना? लिहा मग. नाही, घर साफ आहे ते नको. ते खोडा. लिहा, घरात चूल आहे, म्हातारी नळ लिंपते, आणि म्हाताऱ्याला आता झेपत नाही. तसंच लिहा, झेपत नाही. मी फोनवर तोंड उघडतो आणि बाहेर पडतं ते सगळं ठीक आहे. तुम्ही लिहिलंत तर ती वाचेल. आणि खाली बारीक अक्षरात लिहा — आश्रमातल्या बाईंना कळवावं, हिला दिवसातून एकदा विचारायचं, काय लिंपतेस. तीनदा विचारायचं, एकदा विचारून निघून जायचं नाही. उत्तर देते ती. झालं लिहून? वाचून नका दाखवू. सही कुठं? इथं? ही घ्या. आता उचला तुमच्या पेट्या आणि निघा, तिची उठायची वेळ झालीय, अनोळखी माणूस दिसला की घाबरते. मागच्या दारानं जा, पुढचं कुलूप चालत नाही. आणि स्नेझानं विचारलंच ना, बाबा काय म्हणाले — तर सांगा, काही म्हणाले नाहीत. जा.