हवालदारांनी वाटलेली घोंगडी
चहा घ्या, पण आधी सांगा, पोलिसांनी गरिबाला घोंगडी दिलेली कुणी पाहिलीय का? मी पाहिलीय, संस्थानाच्या काळात.

दिवाळीच्या सुमाराला हवालदार गुंजवण्याच्या वरच्या आमच्या धनगरवाड्यावर आले आणि घरटी एक घोंगडी घेऊन गेले. म्हणाले, "सरकारकामाला पायजे." आमच्या घरात एकच होती, तीही गेली. मामंजींना दमा, ते गोणपाट पांघरून थंडीत खोकत बसायचे.

पुढं शिपायांच्या मंडळानं याच हवालदारांचा सत्कार ठेवला, लई वर्षं इमानानं चाकरी केली म्हणून. चोर काही सापडले नव्हते, पण ठाणं सोडून ते कुठं गेलेही नव्हते. त्यांना फेटा, नारळ, आणि त्यांच्या हातून गरिबांना दान. आम्हालाही मानानं बोलावलं, म्हणजे शिपाई हाकतच घेऊन गेला.

सासूबाईंच्या हातात घोंगडी पडली. त्यांनी कोपरा उलटून बघितला. चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक आणि त्यावर त्यांनीच घातलेला लाल दोरा.

फौजदारसाहेबांनी कौतुकानं विचारलं, "काय आजीबाई, ऊबदार आहे ना?"

"असणारच की सायेब. आमच्याच मेंढरांची लोकर हाय."

हवालदार फेटा सावरायला लागले. साहेब म्हणाले, "म्हणजे?"

सासूबाईंनी घोंगडी काखेत घट्ट मारली. "म्हंजी सत्कार केला ते बेस केलं. वाड्यावरनं गेलेला माल माघारी आणून देणारा ह्यो पयलाच हवालदार."