न्हाय लिवलं की हँग

गड्यांनो, कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्त करता येतोय, पण बिघाड सांगायचा म्हंजे डोक्याला ताप! आमच्या गावच्या मंगळवार पेठेत, आमच्या प्रेसमध्ये नवा कॉम्प्युटर आलता, तवाची गोष्ट. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम पुण्याचा. आमी एका गावरान नाटकाचं पुस्तक करायला घेतलेलं, त्यात पानोपानी 'न्हाय'. आन् न ला ह जोडला रं जोडला की मशीन जाग्यावर हँग! टाईप केलेलं सगळं पान गायब.

पुण्याला ट्रंककॉल लावला. ज्यानं प्रोग्रॅम केलता तो साहेबच फोनवर आला. मी वरडलो, "साहेब, न्हाय चालत न्हाय!"

"काय चालत नाही?"

"न्हाय!"

"अहो, पण काय?"

"न्हायच की वो! बाकी सगळं चालतंय!"

साहेबानं फोन आपटला.

शेवटी स्वतःच यष्टीनं आला. ऐटीत खुर्चीत बसून 'नाही' टाईप केलं. "बघा, चालतंय."

"साहेब, न्हाय लिवा."

"तेच लिहिलंय!"

"नाही न्हाय वो, न्हाय!"

शेवटी मीच टाईप करून दाखवलं. मशीन हँग. साहेब म्हणतोय कसा, "प्रोग्रॅम बरोबर आहे. तुमचा शब्दच चुकीचा आहे." आन् बॅग उचलून चालता झाला.

तेवढ्यात मालक आलं. "केलं का साहेबानं काय दुरुस्त?"

मी कपाळाला हात लावला. "न्हाय."

मालक खूश! "मग झालं की! न्हायच तर बिघडलं हुतं!"