घडीच्या स्कूटरला मनाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे आगारप्रमुख राघवेंद्र साहेब, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या सौदामिनीताई, माझे चालक-वाहक बांधव, कार्यशाळेतली मंडळी, आणि बिलोलीकडून सकाळच्या गाडीनं आलेले माझे नेहमीचे प्रवासी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

साहेबांनी आत्ता सांगितलं, वाहक दयानंद बिरादार यांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीवर एकही ठपका नाही. ऐकून बरं वाटायला पाहिजे. पण आपली परवानगी असेल, तर एका प्रवाशाविषयी बोलतो. ते बोलल्याशिवाय ही शाल अंगावर ठेवणं मला जड जाऊन राहिलंय.

आमच्या नांदेड गाडीला एका फाट्यावर रेणुका नावाची मुलगी चढायची. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय गेलेला. शिकली चांगली, पण गाव फाट्यापासून दोन किलोमीटर आत. घराबाहेर पडायचं कसं? मग तिच्या भावानं हैदराबादेहून एक विजेची स्कूटर आणली. बसायला छोटी सीट, आणि घडी केली की पोत्याएवढी. त्या स्कूटरवर ती फाट्यावर यायची, नांदेडला उतरली की त्याच स्कूटरवर एका डोळ्यांच्या दवाखान्यात जायची. तिथं पेशंटची नावं लिहून घ्यायची नोकरी लागली होती. घडी घातलेली स्कूटर मी स्वतः उचलून चालकाच्या पाठीमागं ठेवायचो. आमचे चालक उद्धवराव समोर बसलेत, विचारा त्यांना. दीड वर्ष कुणाला तिचा त्रास झाला न्हाई.

मग कुठंतरी एका गाडीत बॅटरीनं पेट घेतला आणि परिपत्रक आलं. बॅटरीवर चालणारं कोणतंही वाहन, उघडं असो की घडीचं, प्रवासी गाडीत घ्यायचं नाही. टपावर नाही, पार्सलमध्येही नाही.

पुढच्या सोमवारी ती फाट्यावर उभी होती. मी दारातूनच सांगितलं, माय, आता नेता येत न्हाई. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाली, बॅटरी काढून मांडीवर घेते. पण भीती होती ती बॅटरीचीच. मागून एकजण म्हणाला, घ्या की हो. दुसरा म्हणाला, पेटली तर आम्ही कुठून उडी मारायची? दोघांचंही खरं होतं. गाडीत पन्नास माणसं होती. आपण माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?

मी घंटी दिली.

दुसऱ्या दिवसापासून ती स्कूटर फाट्यावर साखराबाईच्या हॉटेलात ठेवून यायला लागली. नांदेडला उतरून काठी टेकत दवाखान्यापर्यंत पायी. अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिचा चांगला गुडघा एवढा सुजला, की पायरी चढवेना. उद्धवरावांनी आणि मी धरून तिला वर घेतलं. ती नांदेड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. पुढं महिनाभर अंथरुणावर होती. दवाखान्यानं दुसरी मुलगी ठेवली.

मी हातावर हात धरून बसलो न्हाई, एवढंच म्हणू शकतो. अपंगांना तरी सूट द्या, बॅटरी लोखंडी पेटीत ठेवू, पेटी मी देतो, असा अर्ज केला. साहेबांनी शिफारस जोडून तो वर पाठवला. त्यांचे उपकार मी विसरणार न्हाई. उत्तर आलं, "सवलतीची तरतूद नाही." दुसरा अर्ज दप्तरी दाखल झाला. तिसरा मी लिहिलाच न्हाई. का न्हाई लिहिला? थकलो, म्हणा. निवृत्ती जवळ आली होती, उगं वाकडं कशाला, असंही मनात आलं असेल. खोटं कशाला बोलू?

लोक म्हणतात, नियम बदलतात, धीर धरा. बदलतीलही. तोवर रेणुका कुठं बसून राहील, हे कुणाच्या कागदात न्हाई.

परवा आमंत्रण द्यायला तिला फोन केला. म्हणलो, माझा निरोप समारंभ हाय, तू आलीस तर बरं वाटेल. ती म्हणाली, "काका, यायची लई इच्छा हाय. पण येऊ कशी, तेवढं सांगा."

बत्तीस वर्षं मी माणसांना कुठं जायचं ते विचारलं. यायचं कसं, ते तिनं मला विचारलं. शेवटी फोन तिनंच ठेवला.

असो. आपण सगळे कामं सोडून आलात, साहेब आणि ताई मोठ्या मनानं चार शब्द बोलले, मी आपला ऋणी आहे. गर्दीत कुणाला तोडून बोललो असेन, पळत येणारा दिसत असताना गाडी सोडली असेल, तर ते पोटात घाला. फाट्यावर दिलेल्या त्या घंटीची माफी मात्र मी आपल्याकडं मागत न्हाई. ती माफी द्यायचा हक्क या सभागृहात कुणालाच न्हाई.

नमस्कार.