मुराररावांच्या आरशाची चौकट

मंडळी, ऐका! मघापासून ब्रह्म आणि माया फार झाली. मागच्या खांबाजवळचे दोघं तर डोलायला लागले — भक्तीनं नव्हे, झोपेनं! उठवा त्यांना. आता एक सोपा प्रश्न विचारतो. तुमचं घर कुणाचं?

'माझं!' — बघा, सगळे पुरुष एका सुरात! पेटीवालेसुद्धा! आणि बायका? गप्प. का हो आयाबायांनो, गप्प का? असू दे. त्या गप्प का, त्याचीच गोष्ट सांगतो.

पलीकडच्या तालुक्यात — गावाचं नाव सांगत नाही, तिथले पाव्हणे इथंच बसलेत — मुरारराव घोडके नावाचे गृहस्थ होते. आयुष्य गेलं एस.टी. स्टँडवर माइकसमोर. कुठली गाडी, कुठला फलाट, हे सांगण्यात! रिटायर झाले, पण तोंडापुढचा माइक काही सुटला नाही. घरात आमटी मागायची तरी कशी? 'कृपया लक्ष द्या! आमटी अद्याप ताटावर आलेली नाही!' आणि शेवंताबाई, त्यांची बायको — बिचारी हसायची, आमटी वाढायची.

या घरात बाथरूमच्या भिंतीला एक आरसा. साधा, बोडका. शेवंताबाईंची सवय अशी — अहो, तुमच्या घरातही तीच आहे, माना डोलवू नका नुसत्या! — आंघोळीला गेलं की कपाळाची टिकली काढायची, आरशाच्या कडेला चिकटवायची. अंग पुसलं की परत कपाळावर. जुनी झाली की ती तिथंच राहायची, शेजारी नवी यायची. डावी कड टिकल्यांनी भरलेली! मुरारराव दाढी करताना रोज करवादायचे, 'आरशाला गोवर आलाय का गं?'

तर एकदा हे गेले व्याह्यांकडं. हात धुवायला आत शिरले आणि बघतात तर काय — बाथरूमच्या आरशाला नक्षीची चौकट! झालं! पुरणपोळी पानात, पण जीव चौकटीत. घरी आले, सुतार गाठला. सागवानी चौकट, चार कोपऱ्यांना चार मोर, वर सोनेरी पॉलिश. देवघरातल्या देवाला साधा पाट, आणि तोंड धुवायच्या आरशाला मोर!

चौकट चिकटवायची, तर आधी आरसा साफ पाहिजे. घेतलं ब्लेड. खर्र, खर्र! सगळ्या टिकल्या मोरीत. खालच्या कोपऱ्यात, नळामागं, एक उरली, तिथं हात पोचेना. 'राहू दे, चौकटीखाली झाकून जाईल.' पांढरा गोंद फासला, चौकट दाबली. तीन मोर नीट बसले. चौथा मात्र जरा मान वर करूनच राहिला.

मग घोषणा! 'कृपया लक्ष द्या! आजपासून या आरशाला टिकली लावण्यास मनाई आहे!'

शेवंताबाई हळूच म्हणाल्या, 'मग काढून ठेवू कुठं?'

'एवढं मोठं घर आहे. ठेव कुठंही!'

बाई मोरी धुवायला लागल्या. हे निघाले गल्लीत, दारोदार. 'या हो, आमचा आरसा बघायला या!' गेलं का कुणी? दुसऱ्याची बाथरूम बघायला कोण जातंय! मुरारराव हिरमुसले.

दुसरा दिवस उजाडला. शेवंताबाईंनी टिकली ठेवली साबणाच्या डबीवर. पाणी उडालं, टिकली गेली वाहून. कपाटात पाकीट होतं की नवं! पण हात गेला नाही. वाईट वाटलं हो बाईला, फार वाईट वाटलं. तशीच कोऱ्या कपाळानं, पदर गळ्याशी आवळून, लाल डोळ्यांनी मारुतीच्या देवळाकडं निघाली.

आणि नळावर उभी होती शेजारीण — अंबूताई! कपाळ पाहिलं, डोळे पाहिले, हातातली कळशी तशीच राहिली. आता अशा वेळी कुणी विचारतं का, काय झालं म्हणून? अंबूताई घरोघर गेल्या. 'मुरारराव गेले हो! काल तर चांगले आरसा आरसा करत होते!' कोरं कपाळ दिसलं की माणूस मारून मोकळे! आपणच ते, मंडळी, दुसरं कोण! ज्या मावशींचं कपाळ कोरं आहे त्यांनी इथंच सांगावं, किती नजरा झेलल्या ते. जाऊ दे, डोळे पुसा. लावावीशी वाटली तर लावा खुशाल टिकली, देव काही म्हणत नाही.

तर गल्ली लागली कामाला. त्या घरी चूल पेटायची नाही, म्हणून अंबूताईंनी पिठलं-भात घेतला. गेनूतात्या धावत गेले, बांबू आणि मडकं घेऊन आले. सगळे दारात, माना खाली.

आणि मुरारराव? आत मोरांना फडकं मारत होते! खिडकीतून बघतात तर ही गर्दी! 'आले! शेवटी आलेच आरसा बघायला!' बांबू दिसले. 'अरेरे, मांडव कशाला एवढ्यासाठी!' गडबडीनं पांढराशुभ्र सदरा चढवला, दार उघडलं, आणि हात वर करून म्हणाले, 'कृपया लक्ष द्या! दोघा-दोघांनीच आत यावं!'

पिठलं गेलं अंगणात! गेनूतात्या बांबूसकट मागं सरले.

'तुम्ही... आहात?'

'आहे म्हणजे काय!'

'अहो, मग वहिनींचं कपाळ कोरं कसं? रडत गेल्या देवळाकडं!'

मुरारराव आधी खो खो हसले. मग हसू थांबलं. 'रडत?' अनवाणी धावत सुटले. मागं सगळी गल्ली, त्यामागं गेनूतात्या, खांद्यावर बांबू. ज्याला न्यायचं तोच पुढं पळतोय, मंडळी!

देवळात शेवंताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. 'अगं, दुसरी टिकली नव्हती का?'

'होती. पण लावून काय करू? घर तुमचं, दारावरची पाटी तुमची. त्या आरशाची एवढीशी कड तेवढी माझी होती, ती खरवडलीत. आणि खाली कोपऱ्यात आपल्या मंदाची टिकली होती. सासरी जायच्या दिवशी आंघोळीच्या घाईत राहिलेली. मी रोज बघायची हो तिला.'

 मुरारराव तसेच घराकडं फिरले, मागोमाग शेवंताबाई. पाना घातला चौथ्या मोराखाली, मोराची मान तुटली, चौकट खाली! आणि नळामागच्या कोपऱ्यात, गोंदानं माखलेली, मंदाची लाल टिकली. मोराला टेकू देणारी ती हीच!

ओल्या फडक्यानं गोंद पुसला, टिकलीला धक्का लावला नाही. मग नवं पाकीट आणलं, शेवंताबाईंच्या हातात दिलं आणि डोळे पुसत म्हणाले, 'कृपया लक्ष द्या. आरशाची डावी कड शेवंताबाईंची. यात बदल होणार नाही.' बाई रडता रडता हसली. चौकट? ती आता कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. मोर बाहेर, कोंबड्या आत!

तर मंडळी, मघाचाच प्रश्न. तुमचं घर कुणाचं? ... आता पुरुष गप्प! पेटीवाले, तुम्हीसुद्धा! बरं झालं. आज घरी जाल, तोंड धुवाल, तेव्हा आरशाची कड बघा. टिकल्या दिसल्या तर नखसुद्धा लावू नका. आणि कड कोरी दिसली तर तिला विचारा, 'या घरात तुझी जागा कुठली गं?' ती लगेच बोलली तर उद्या या, टाळ वाजवा. नाही बोलली, विचारात पडली, तर कीर्तनाला येऊ नका. तिच्याजवळ बसा. देवाला मी सांगून ठेवतो, तो तिकडंच येईल.