मागच्या चाकाची ताटली

लेक : बाबा, ती ताटली आहे. प्लास्टिकची. पिंजऱ्यात उभ्या केलेल्या आरोपीकडे बघावं तसं बघू नका तिच्याकडे.

बाबा : बघतोय, कारण ती कुणीतरी मुद्दाम बसवलीये. गिअरची चक्रं आणि चाकाच्या तारा, बरोबर दोघांच्या मधे. कारखान्यात माणसं वेळ जात नाही म्हणून ताटल्या बसवतात काय?

लेक : नवी सायकल घेणाऱ्याला गिअर लावता येत नाही म्हणून बसवतात. साखळी मोठ्या चक्रावरून उडून तारांत जाऊ नये. गिअर नीट लावलेला असला की साखळी तिकडे जातच नाही.

बाबा : जातच नाही! हे वाक्य मी नोकरीत रोज ऐकतो. लिफ्ट वरच्या मजल्याच्या वर जातच नाही, साहेब.

लेक : जाते का?

बाबा : नाही जात. तरी वर स्विच असतो, आणि खाली खड्ड्यात स्प्रिंग. एक दोर पुरतो तिथे आम्ही पाच लावतो. जन्म गेला माझा लिफ्टा तपासण्यात, पण उरलेल्या चार दोरांना कुणी ‘बावळट दिसतात’ म्हटलेलं ऐकलं नाही.

आई : अहो, दोर आत असतात. त्यांना बघतंय कोण?

लेक : आणि ती बावळट दिसते म्हणून मी काढत नाहीये. दिसते ती गोष्ट वेगळी. सायकलिंगच्या सरांचा नियम आहे. उद्या सकाळी संघाची निवड, घाट चढायचा आणि पलीकडे उतरायचा. निघायच्या आधी सर एकेक सायकल बघतात. सैल प्लास्टिक दिसलं की बाजूला उभं करतात.

बाबा : आणि माझा नियम तुला ठाऊक आहे. ताटली नाही तर घाट नाही.

लेक : म्हणजे ताटली असली तर सर घेत नाहीत, नसली तर तुम्ही सोडत नाही.

आई : आणि तिकडे न्यायला टेम्पो आज चार वाजता खाली येतोय. मी डबा भरू की नको, एवढं सांगा.

लेक : भर.

बाबा : अर्धा भर.

आई : अर्धा डबा आणि अर्धी मुलगी. वरची पाठवू का खालची?

लेक : गेल्या वर्षी हेल्मेटचा पट्टा होता. आठवतंय?

बाबा : पट्टा कच्चा होता.

लेक : तो तुम्ही कच्चा केलात! अख्खी दुपार ओढत बसला होतात. शेवटी तुटला, तर म्हणालात, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ टेम्पो गेला निघून. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही, बाबा. हे शेवटचं.

बाबा : तुटला म्हणजे तुटणारच होता.

आई : दाराची कडीही अशीच तुटणार होती. माझ्या माहेरची खुर्चीसुद्धा. या घरात वस्तू जुन्या होऊन जात नाहीत, तपासणीत जातात.

बाबा : तू मधे बोलू नकोस. माझं डोकं तांत्रिक बाबतीत आहे.

आई : बोलणार. ज्या माणसाने याच इमारतीची लिफ्ट स्वतः पास केली, आत कागद चिकटवला, खाली ठसठशीत सही केली, आणि तेव्हापासून सहा मजले जिन्याने चढतोय, त्याने माझं बोलणं ऐकायलाच हवं.

बाबा : व्यायाम होतो.

आई : भाजीच्या पिशव्यांना नको का व्यायाम? त्यांना बरं लिफ्टने पाठवता! पिशव्या येतात, मी उतरवून घेते, निवडायला बसते, मग हे येतात धापा टाकत.

लेक : बाबा, खरं सांगा. तपासताना तर चढता ना लिफ्टमध्ये?

बाबा : मधे नाही. वर. छतावर उभा राहतो.

लेक : छतावर भीती नाही वाटत, आणि आत वाटते?

बाबा : छतावरून दोर दिसतात.

आई : ऐकलंस? संसारही असाच केला. माझ्या डोक्यावर उभं राहून.

लेक : बरं, मग रीतसर होऊन जाऊ दे. लिफ्ट तपासता तशी माझी सायकल तपासा. पास झाली तर मी टेम्पोत. नापास झाली तर इथेच राहते, आणि म्हातारी होईपर्यंत सोफ्याभोवती गोल गोल चालवते.

बाबा : निकाल मान्य करशील?

लेक : तुम्ही कराल?

बाबा : माझाच निकाल मी अमान्य करीन होय?

आई : मी ऐकलंय हां हे वाक्य. भिंतीनेही ऐकलंय.

लेक : तर पहिलं सुरक्षेचं साधन, ताटली. हात लावून बघा.

बाबा : हं. हलतेय.

लेक : अजून?

बाबा : एक कान तुटलाय. इथे तडा. उन्हाने पार अंड्याच्या कवचासारखी झालीये.

लेक : खड्ड्यातली स्प्रिंग तडकलेली निघाली तर काय करता तुम्ही?

बाबा : हा सापळा आहे.

लेक : हा प्रश्न आहे.

बाबा : नापास करतो.

लेक : का बरं? नसण्यापेक्षा तडकलेली बरी ना?

बाबा : छे! तडकलेली सगळ्यात वाईट. माणूस तिच्या भरवशावर राहतो, आणि ऐन वेळी तिचाच तुकडा उडतो आणि जाऊन अडकतो...

लेक : कशात?

बाबा : ...तारांत.

आई : अरे वा. पाणी आणू का?

बाबा : मग नवी घाल!

लेक : मागितली दुकानात. दुकानदाराने आतल्या कारागिराला हाक मारली, ‘लवकर ये, हे ऐक.’ मग दोघांनी मला परत एकदा मागायला लावली. आत पेटीभर आहेत म्हणाले, सगळ्या लोकांनी काढून टाकलेल्या, सगळ्या तडकलेल्या. हव्या तर किलोवर देतो.

बाबा : काढ.

लेक : काय?

बाबा : नापास साधन यंत्रावर ठेवता येत नाही. काढ. पण कापायची नाही, नीट उतरवायची. आणि यंत्र पास झालेलं नाही अजून, आधीच नाचू नकोस.

(चाक निघालं, चक्रांचा गठ्ठा उतरला, ताटली सुटली. ती कुंडीखाली ठेवायची असं आई म्हणाली. आधी कुंडीचं वजन तपासावं लागेल असं बाबा म्हणाले. त्यावर व्हायचं तेवढं भांडण झालं आणि चाक परत बसलं. आता सायकल चाकं वर करून हॉलच्या मधोमध उलटी उभी आहे, आणि बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर.)

बाबा : हा स्क्रू कसला?

लेक : हा तुमचा वरच्या मजल्याचा स्विच. साखळी सरकवणाऱ्या या हाताला सांगतो, इथपर्यंत, पुढे नाही.

बाबा : आणि तो ऐकतो?

लेक : माझ्यापेक्षा जास्त.

बाबा : फिरव पेडल. मी अंगठ्याने हा हात तारांकडे ढकलतो. जोरात फिरव. अजून.

लेक : साखळी गेली का?

बाबा : नाही. मोठ्या चक्रावर बसलीये, आणि बघतेय माझ्याकडे.

आई : मला आपला तो हेल्मेटचा पट्टा आठवतोय.

बाबा : गप गं. आता भार. लिफ्टमध्ये सव्वापट टाकतो आम्ही. तू सीटवर बस, पिठाचा डबा मांडीवर घे.

आई : सीट जमिनीला टेकलीये. मी काय चाकांवर बसू? आणि माझं वजन कशासाठीही धरायचं नाही, हे लग्नाच्या वेळीच ठरलंय.

लेक : बाबा, ढकला अजून. दोन्ही अंगठ्यांनी. तुम्हाला वाटेल तेवढं.

बाबा : ढकलतोय.

लेक : काय झालं?

बाबा : अंगठा दुखला. नाही जात.

लेक : मग पास?

बाबा : एक राहिलं. सायकल उजव्या अंगावर पडली तर हा हात आत वाकेल. मग स्क्रूला कोण विचारतो?

लेक : बरोबर आहे. म्हणून पडले की आधी हात बघायचा. वाकला असला तर मोठ्या चक्रावर जायचंच नाही.

बाबा : ‘पडले की’ म्हणालीस.

लेक : हो.

बाबा : ‘शाळा सुटली की’ म्हणावं तसं.

लेक : पुष्कळदा पडलेय, बाबा.

बाबा : कधी? मला कुणी बोललं नाही.

आई : जखमेवरचं मलम दर महिन्याला संपतं या घरात. तुम्हाला काय वाटलं, मी पोळीला लावते?

बाबा : पडलीस आणि?

लेक : आणि उठले. सायकल तपासली. तुम्ही शिकवलंय तशी, आधी ब्रेक, मग चाक, मग बाकीचं. मग आले घरी. ताटली तारा सांभाळते, बाबा. मला कधीच सांभाळत नव्हती.

बाबा : आधी ब्रेक?

लेक : आधी ब्रेक.

बाबा : आणि उतारावर?

लेक : उतारावर दोन्ही, थोडे थोडे. एकदम नाही.

बाबा : हं.

आई : हं म्हणजे काय? हॉर्न वाजतोय खाली.

बाबा : हं म्हणजे पास. डबा पूर्ण भर.

आई : तो मघाशीच भरलाय. तुमच्या निकालाची वाट बघून स्वयंपाक केला असता तर सगळे कधीच उपाशी मेलो असतो.

लेक : मी निघते. सायकल उभी केली की लिफ्टमध्ये मावते. बाबा, तुम्ही आत्ताच जिन्याने सुटा, म्हणजे टेम्पो हलायच्या आत पोचाल.

बाबा : जागा आहे का आत?

लेक : पिशवीला?

बाबा : मला.

आई : अहो.

बाबा : काय अहो? आतल्या कागदावर सही कुणाची आहे?

लेक : आतून दोर दिसत नाहीत हं, बाबा.

बाबा : माहीत आहे. सायकल एका हाताने धर, दुसरा इकडे दे.