बोटभर बुटकी पायरी

काढा ना मॅडम, खुशाल फोटो काढा—फक्त त्या कठड्याकडे असं डोळे विस्फारून बघू नका, शेफारेल तो. दोनशे वर्षांचा म्हणालात? असेल बुवा. तुम्ही पुरातत्त्व खात्याची शिकलेली माणसं, मी साधा सुतार. इथे टपाल कचेरी होती तेव्हाचा जिना, म्हणून जपायचा, म्हणून कठडा कापून लिफ्ट बसवायची नाही, म्हणून आमच्या हिने तिसऱ्या मजल्यावरच बसून राहायचं—बरोबर? आता वाकून काय बघताय? किडीची भोकं? मोजा, मोजा. मीच पाडलीत ती.

हसू नका. बारीक खिळा, लहान हातोडी आणि अख्खा रविवार—किडीलासुद्धा एवढा वेळ लागला नसता! वरून चहाचं पाणी, मग तेल, मग काजळी. मूळ जिना वाळवीने खाल्लेला. एकतीस वर्षांपूर्वी कचेरीची घरं केली, तेव्हा मालक म्हणाले, जुन्यासारखा कर. केला. जरा जास्तच चांगला केला, ते आता नडतंय. पटत नाही? तुमच्या त्या जुन्या नकाशात बघा—एका टप्प्याला सतरा पायऱ्या. आणि इथे? एकोणीस! पायऱ्या काय पिल्लं घालतात?

का म्हणजे काय, पायरी बोटभर बुटकी केली, म्हणून दोन वाढल्या. लाकूड उरलं होतं हो... उरलं कुठलं, पदरचं घातलं. आम्ही नुकतेच वर राहायला आलेलो, ही तेव्हा आठव्या महिन्यात, त्या जुन्या जिन्याच्या दर वळणावर धापा टाकत थांबायची—म्हणायची, लोकांना जिने करून देता आणि बायकोला डोंगर. बस, एवढंच. माहेरी बाळंत होऊन परत आली तोवर हा जिना उभा; तिला वाटतं, मी नुसती डागडुजी केली—अजून पत्ता नाही. आणि आता कंबरेचं हाड मोडल्यापासून बोटभर काय, वीतभर कमी केली तरी उपयोग नाही. चौदा महिने झाले, खाली उतरलेली नाही. दारातल्या बाकावर जरा बसायचंय म्हणते, दुसरं काही मागत नाही बिचारी.

मग आधी का नाही बोललो? वकिलासारखं काय विचारता हो! ...मागच्या वर्षी तुमचे मोठे साहेब आले होते. इथेच उभे राहिले, कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले—काय कारागीर होता, चढणाऱ्याच्या पायाचीसुद्धा काळजी केलीय त्याने! आणि मी... मी नुसतं हो म्हणालो. चाळीस वर्षं रंधा मारला मॅडम, असं कुणी बोललं नव्हतं. म्हटलं, उद्या सांगू. त्या उद्याला वर्ष उलटलं. ही वर बसून रोज तुमच्या खात्याला शिव्या घालते आणि मी समोर बसून मान डोलावतो. लाज वाटते हो.

असं बघू नका माझ्याकडे. लिहा तिथे—जिना नवा, नकली, कुणा हौशी सुताराने केलेला, तोडायला हरकत नाही. लिहिलंत? आणा इकडे, सही करतो. झालं. आता तो हात काढा कठड्यावरून. माहीत आहे मला, छान आहे. पण तुम्ही म्हणू नका. निघा, उतरा खाली—पुन्हा कुणी छान म्हणालं ना, तर मी पुन्हा गप्प बसेन. माझा भरवसा नाही.