एकच खरा इशारा

गौरेश: म्हणजे हा नियम काढूनच टाकायचा म्हणतेस?

समीक्षा: मोजमाप तसं सांगतं, गौरेशबाब. एका कॉम्प्युटरवर तासाभरात तीन जणांच्या नावांनी लॉगिन झालं की हा नियम वाजतो. पॅकिंगमध्ये पाळी बदलताना माणसं एकाच कॉम्प्युटरवर एकामागून एक बसतात, तेव्हा रोजच वाजतो. दोन वर्षांत शेकडो वेळा वाजलाय. एक सोडून सगळे इशारे खोटे.

गौरेश: माका सांगू नको गो, माझ्याच फोनवर येतात ते. बायको म्हणता, ह्या फोनापरीस कोंबो बरो, सकाळी आरवून गप्प तरी बसता. मुंबईच्या ऑफिसला हेच हवंय, खोटे इशारे कमी करा. काढ नियम, अहवाल दे, आणि चवथीला, गणपतीला, मोकळी हो.

समीक्षा: तो एक खरा इशारा परशुरामाचा आहे.

गौरेश: खंयचो परशुराम?

समीक्षा: गौरेशबाब.

गौरेश: बरं, बरं. चंदगडचा. त्याचं आता काय?

समीक्षा: तोही इशारा खोटाच होता.

गौरेश: चौकशी मुंबईने केली. तिघांचे पासवर्ड चोरले असं ठरलं, म्हणून काढला त्याला. ते तू कशाक उकरतेस?

समीक्षा: त्या दिवसाच्या नोंदी मी पुन्हा पाहिल्या. प्रवीणच्या नावाने त्याने औषधांच्या पेट्यांची नोंद चढवली. सुलोचनाबायच्या नावाने गोदामाचं तापमान भरलं. तुमच्या नावाने सर्व्हरचा बॅकअप घेतला. तिघांची कामं, तिघांच्या नावांनी. कारखान्याबाहेर एक अक्षर गेलेलं नाही. चोर दुसऱ्याची कामं उरकायला येतो का?

गौरेश: पासवर्ड दिलाच नाही, असं प्रवीण आणि सुलोचनाबायने लिहून दिलंय.

समीक्षा: तुम्हीही दिलंय.

(गौरेश उठून केबिनचं दार लावतो.)

गौरेश: हळू बोल. चवथ होती, मी तेव्हा पेडण्याला गणपतीवर फळांची माटोळी बांधत होतो. हातात सुंभ, वर शिडीवर भाऊ. मुंबईचा फोन आला, तुमच्या नावाने आत्ता कोण बसलंय? तोंडातून गेलं, माहीत नाही. एकदा गेलं ते गेलं. पासवर्ड दिला म्हटलं असतं तर तिघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. त्याच्यापेक्षा एकाची गेली.

समीक्षा: तो मला डिचोलीच्या बाजारात भेटला. तुमचं नाव का घेतलं नाहीस, असं विचारलं मी. म्हणाला, साहेबांनी सांगितलं होतं, आता गप्प राहा, चवथ झाल्यावर मी बघतो.

गौरेश: बघणार होतो.

समीक्षा: आता डिचोलीच्याच एका कारखान्यात त्याला काम मिळतंय. त्यांनी आपल्या ऑफिसला विचारलंय, माणूस कसा आहे. ऑफिसातली मुलगी कॉम्प्युटरवर बघून उत्तर देणार. तिथे त्याच्या नावापुढे ‘खरा इशारा’ आहे. मी त्याचं ‘खोटा’ केलंय. तुमची मंजुरी हवी.

गौरेश: आणि मुंबई विचारणार, मग पासवर्ड दिले कोणी?

समीक्षा: विचारणारच.

गौरेश: तू खंय होतीस गो त्या चवथीला? लाटंबार्श्याला ना, आईकडे? तुझी पाळी कोणी सांभाळली?

समीक्षा: त्यानेच. माझाही पासवर्ड त्याच्याकडे होता. त्या दिवशी माझं काम निघालं नाही, माझ्या नावाने तो बसला नाही, म्हणून मला कुणी विचारलं नाही. अहवालात लिहिलंय मी ते. आपणा सगळ्यांना सुट्टी हवी असायची, आणि तो दर वर्षी म्हणायचा, गावचा गणपती भाऊ बघतो, मी थांबतो. परत येताना मी त्याच्यासाठी नेवऱ्यांचा, आईच्या करंज्यांचा, डबा आणला होता. गेटवर कळलं, त्याचं कार्ड बंद केलंय. डबा आपणच संपवला.

गौरेश: हे बघ बाय, तू हुशार, एमएससी झालेली. मधली वाट काढ. नियम राहू दे. पाळी बदलताना आणि चवथीच्या दिवसांत तो वाजणार नाही, एवढं घाल. खोटे इशारे गेले, मुंबई खूश.

समीक्षा: म्हणजे यापुढे चवथीला एकच माणूस तिघांच्या नावांनी बसला, तर ती चोरी नाही.

गौरेश: कसली चोरी? सोय ती.

समीक्षा: मग परशुरामाचं ‘खोटा’ होऊ दे.

गौरेश: जुनं जसं आहे तसंच राहणार.

समीक्षा: तसं राहिलं तर नवा नियम तपासणीत नापास होईल. जुन्या खऱ्या इशाऱ्यांवर तो चालवून बघावा लागतो. चवथ वगळली की परशुराम सापडत नाही. नवा नियम चोराला सोडतो, असं मला लिहावं लागेल.

गौरेश: मग चवथीची सूट यंदापासून धर. त्या वर्षी नको.

समीक्षा: कळतंय का तुम्हाला, काय सांगताय ते? हा नियम यापुढे जवळजवळ कुणालाच पकडणार नाही. मागे जाऊन तेवढा त्याला पकडेल.

गौरेश: अहवालातलं तुझं ते पासवर्डचं वाक्य मी काढतोय. तुझ्याच भल्यासाठी. बाकीचं मंजूर.

समीक्षा: आणि ‘खोटा’?

गौरेश: ते पूर्वीसारखं केलं. झालं. आता राग धरू नको. चवथीचं तेवढं ठरवू या.

समीक्षा: यंदा कोण थांबतंय?

गौरेश: अजय. नवीन, गडहिंग्लजचा. बरा पोरगा, नाही म्हणत नाय. माझा पासवर्ड सकाळीच दिला त्याला, तुझाही देऊन जा. आणि येताना त्याच्यासाठी नेवऱ्या आण.